आंगऱ्यांच्या घरातली यादवी आणि पडद्यावरचा न्यायनिवाडा

मराठा आरमारावर एखादी भव्य टीव्ही मालिका व्हावी, ही कोकणातली जुनी इच्छा आहे. 2025 च्या जुलैत सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, खांदेरी, सिंधुदुर्ग ही नावं युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली आणि त्या इच्छेला नवं बळ आलं. कान्होजी आंगऱ्यांपर्यंत सगळ्यांचं एकमत असतं. वाद पेटतो तो 4 जुलै 1729 ला कान्होजी गेले त्यानंतर काय दाखवायचं यावर. एक पक्ष म्हणतो, मुलं आपसांत लढली हे चव्हाट्यावर कशाला आणायचं, मालिका कान्होजींच्या समाधीपाशी थांबवा. दुसरा म्हणतो, उलट तेच दाखवा, म्हणजे पेशव्यांनी इंग्रजांना हाताशी धरून मराठ्यांचं आरमार कसं जाळलं ते पोराबाळांना कळेल. पहिल्याला घराची अब्रू झाकायची आहे आणि दुसऱ्याला गुन्हेगार हवा आहे. माझं म्हणणं असं, की मालिका व्हावी, ती नेमकी 1729 ते 1756 या सत्तावीस वर्षांचीच व्हावी, आणि तिच्यात आरोपीचा पिंजरा नसावा. भावाभावांत युद्ध पेटतं ते दोघांकडेही पटण्यासारखं कारण असतं म्हणून. पहिल्याच आठवड्यात खलनायक ठरवून बसणाऱ्या मालिकेला ही गोष्ट सांगताच येणार नाही.

घटना आधी सरळ मांडायला हव्यात, कारण वादात त्या नेहमी अर्ध्याच येतात. कान्होजींनंतर त्यांचा मुलगा सेखोजी सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख, झाले आणि चारच वर्षांत, 1733 च्या पावसाळ्यात, जंजिऱ्याच्या सिद्दीविरुद्धची मोहीम अर्धवट असताना वारले. सरखेलपद त्यांचे भाऊ संभाजी यांच्याकडे आलं आणि त्यांचं मानाजी या दुसऱ्या भावाशी बिनसलं. मानाजींनी पोर्तुगीजांची मदत घेऊन अलिबागचा कुलाबा किल्ला ताब्यात घेतला आणि येसाजी या आपल्याच भावाचे डोळे काढवले. 1735 मध्ये थोरल्या बाजीरावांनी मध्ये पडून दौलतीच्या दोन वाटण्या केल्या. कुलाबा आणि वजारतमाब हा किताब मानाजींना, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सरखेलपद संभाजींना. 1740 मध्ये संभाजींनी चौल, अलिबाग, थळ, सागरगड घेत थेट कुलाब्याला वेढा घातला, तेव्हा मानाजींनी पेशव्यांना आणि मुंबईकर इंग्रजांना, दोघांनाही हाक मारली. संभाजी मागे हटले. 1742 च्या आरंभी ते वारले आणि विजयदुर्गाची सूत्रं आणखी एक भाऊ तुळाजी यांच्याकडे गेली. तुळाजींनी 1745 मध्ये सिद्दीकडून अंजनवेल जिंकून त्याचा गोपाळगड केला. पुढे 1755 च्या एप्रिलमध्ये सुवर्णदुर्ग आणि 1756 च्या फेब्रुवारीत विजयदुर्ग पडला. तुळाजी पेशव्यांच्या कैदेत गेले ते अखेरपर्यंत सुटले नाहीत.

या माणसांत सोवळा कोण? डोळे काढवणारे मानाजी पेशव्यांचे स्नेही होते. सख्ख्या घराला वेढा घालणारे संभाजी इंग्रजांपुढे कधी वाकले नाहीत. सिद्दीनं 1727 मध्ये परशुरामाचं देवस्थान लुटलं होतं, आणि त्याच सिद्दीच्या हातातून अंजनवेल काढून घेण्याचं जे काम पेशव्यांच्या मोहिमेला साधलं नव्हतं ते तुळाजींनी केलं. पण त्याच तुळाजींनी साताऱ्याचे प्रतिनिधी आणि बावड्याचे अमात्य यांच्या मुलखावरही हात टाकला. एकेका माणसाच्या खात्यावर दोन्ही बाजूंच्या नोंदी आहेत, आणि नाट्य आहे ते त्यातच. एका बाजूच्या नोंदी खोडून टाकल्या तर मागे पोवाडा उरतो, कुटुंबाची गोष्ट उरत नाही.

पेशव्यांवरचा आरोप हा या वादातला सगळ्यांत वजनदार मुद्दा, आणि त्यातलं खरं आहे ते मान्य करूनच पुढे जायला हवं. 1755 च्या मार्चमध्ये नानासाहेब पेशव्यांच्या वतीनं त्यांचे कोकणातले सुभेदार रामाजी महादेव यांनी मुंबईकर इंग्रजांशी केलेला करार ही घोडचूक होती. स्वतःच्या राज्यातल्या सरदाराला वठणीवर आणायला परक्या आरमाराला आपल्या किनाऱ्यावर बोलावलं, आणि परिणाम वर्षभरात दिसला. ॲडमिरल वॉटसन आणि क्लाइव्ह विजयदुर्गापुढे आले तेव्हा तुळाजी तहाचं बोलायला पेशव्यांच्या छावणीत गेलेले होते. इंग्रजांनी त्या बोलण्याची वाट पाहिली नाही. त्यांच्या तोफांचा एक गोळा रेस्टोरेशन या जहाजावर पडला. हे जहाज मुळात कंपनीचंच, आंगऱ्यांनी पकडून आणलेलं. आग तिथं लागली आणि शेजारी दाटीनं नांगरलेल्या गुराबा-गलबतांवर, म्हणजे आंगऱ्यांच्या लढाऊ जहाजांवर, पसरली. दुसऱ्या दिवशी, 13 फेब्रुवारीला, किल्ल्यावर निशाण चढलं ते इंग्रजांचं, आणि किल्ला पेशव्यांच्या हाती द्यायला त्यांनी ऑक्टोबर उजाडवला. मालिकेनं हे सगळं, एक अक्षर सौम्य न करता दाखवावं.

पण एवढ्यावरून ‘पेशव्यांना आरमार नकोच होतं’ असा निष्कर्ष काढणाऱ्यांनी पुढची तीस वर्षं वाचायला हवीत. विजयदुर्ग हातात आल्यावर पेशव्यांनी तिथंच स्वतःचं आरमार ठेवलं. आनंदराव धुळपांच्या हाताखालच्या याच आरमारानं 1783 मध्ये रत्नागिरीजवळ इंग्रजांच्या रेंजर जहाजाशी झुंज घेतली. ते आंगऱ्यांच्या तोलाचं नव्हतं हे खरं, पण नसलेलं आरमार लढत नाही. आणि नानासाहेबांकडे कारण नव्हतं असंही नाही. तुळाजी ठरलेली रक्कम भरत नव्हते आणि राज्यातल्याच सरदारांचे किल्ले घेत होते. अशा माणसाला सोडून दिलं तर उद्या घाटावरचा प्रत्येक सरदार तेच करील, हे पुण्यातलं गणित. तुळाजींचं गणित वेगळं होतं. सरखेल हा छत्रपतींचा चाकर, पेशव्यांचा नव्हे. शाहू महाराज 1749 च्या डिसेंबरमध्ये वारले, मग आता पेशव्यांना आपण कोणत्या नात्यानं देणं लागतो? या प्रश्नाला त्या काळी तरी स्वच्छ उत्तर नव्हतं. मालिकेच्या पटकथेला याहून सकस प्रसंग कुठला मिळणार? एका दालनात वसुलीचा कागद घेऊन बसलेला पुण्याचा कारकून, समोर तुळाजी, आणि दोघांचंही बोलणं ऐकताना प्रेक्षकाची मान दोन्हीकडे हलते आहे.

इथं एक गोष्ट मोकळेपणानं बोलायला हवी. हा वाद पाचव्या वाक्याला जातीवर येतो. पेशवे ब्राह्मण, आंगरे मराठा, म्हणजे झालं, असं समजणाऱ्यांना 1713 चं काय करायचं ते सुचत नाही. तेव्हाही यादवीच होती, शाहू महाराज एकीकडे आणि ताराबाईंचा पक्ष दुसरीकडे. कान्होजी ताराबाईंच्या बाजूला होते आणि त्यांनी शाहूंचे पेशवे बहिरोपंत पिंगळे यांना कैद केलं होतं. समेट घडवला तो बाळाजी विश्वनाथांनी. एक माणूस श्रीवर्धनचा, दुसरा कुलाब्याचा, दोघेही याच किनाऱ्याचे, आणि बोलण्यानं जे साधलं ते लढून साधलं नसतं. मग चाळीसेक वर्षांनी त्याच बाळाजींच्या नातवाला त्याच कान्होजींच्या मुलाशी बोलता का आलं नाही? जात तर तीच होती. बदललं होतं ते दुसरंच काही, आणि ते शोधणं हे मालिकेचं काम आहे. शिवाय 1713 मध्ये पक्ष बदलणारे कान्होजी दूरदर्शी आणि 1735 मध्ये पेशव्यांशी जुळवून घेणारे मानाजी फितूर, ही दोन मापं एका घरात कशी चालतील?

काय बदललं होतं याचा एक धागा कागदावर स्पष्ट दिसतो, आणि पटकथेचा कणा तोच असावा असं मला वाटतं. मदतीला आलेला प्रत्येक जण जाताना किल्ला घेऊन गेला. बाळाजी विश्वनाथांशी झालेल्या समेटात कान्होजींनी घाटावरचा जिंकलेला मुलूख परत केला, पण राजमाची सोडली नाही. का सोडली नाही ते किल्ल्यावर उभं राहिलं की कळतं. खाली बोरघाट आहे, आणि घाटातून काय चढतं-उतरतं ते वरून दिसतं. कुलाब्याच्या दौलतीला घाटावरून येणाऱ्या फौजेची आगाऊ खबर देणारी ती चौकी होती. वीसएक वर्षांनी मानाजींनी भावाविरुद्धच्या मदतीबद्दल पेशव्यांना काय दिलं? राजमाची आणि कोथळीगड. बापानं तहात राखलेलं मुलानं भाऊबंदकीत घालवलं. पुढे 1756 च्या तहात विजयदुर्गाच्या बदल्यात पेशव्यांनी इंग्रजांना सावित्रीच्या मुखावरचं बाणकोट दिलं. म्हणजे मानाजींकडून मदतीची किंमत घेणाऱ्या पेशव्यांना स्वतःलाही तीच किंमत मोजावी लागली. वारणेच्या 1731 च्या तहात सातारा आणि कोल्हापूरच्या चुलत भावांनी कोपळच्या बदल्यात रत्नागिरी अशी अदलाबदल केली होती, पण ती घरातल्या घरात. कोकणातल्या वाटण्यांची फी मात्र बाहेरच्यांकडे गेली. सातबाऱ्यावर नावं चढत चढत शेवटी जमीन वकिलाच्या आणि दलालाच्या घशात गेलेली ज्यांनी पाहिली आहे, त्या कोकणी प्रेक्षकाला हे समजावून सांगायला निवेदकाचा आवाज लागणार नाही.

आता पहिल्या पक्षाकडे. ‘झाकून ठेवा’ म्हणणाऱ्यांचं म्हणणं भित्रेपणाचं आहे असं मी मानत नाही. त्यांची भीती रास्त आहे. या घराण्याचे वंशज आज आहेत, आणि रोजच्या मालिकांचा साचा काय करतो ते आपण बघतो. अर्ध्या तासाच्या वेळेत मजकूर असतो साधारण बावीस मिनिटांचा, आठवड्याला सहा भाग. तीनशे भाग म्हणजे एकशेदहा तास. सत्तावीस वर्षांच्या इतिहासात नोंदलेले प्रसंग तेवढे भरत नाहीत, मग लेखकाला पडद्याआड कान लावणारी दासी, दुधात कालवलेलं विष आणि तीन भाग लांबवलेलं हळदीकुंकू घालावं लागतं. दिवसाला एक भाग चित्रित करायचा म्हटल्यावर बाहेरचं चित्रीकरण परवडत नाही, म्हणून समुद्राची गोष्ट गोरेगाव नाही तर घोडबंदरच्या सेटवर भिंतींच्या आत घडते. गुरुवारी टीआरपी घसरलेला दिसला की सोमवारपासून खलनायक अधिक क्रूर होतो. या यंत्रात येसाजींचे डोळे घातले तर काय होईल? आठवडाभर जाहिरातीत तापलेल्या सळया दिसतील. वंशजांनी याला हरकत घेतली तर ती योग्यच आहे.

पण यातून ‘दाखवू नका’ हा निष्कर्ष निघत नाही, ‘असं दाखवू नका’ एवढाच निघतो. बीबीसीनं सतराव्या शतकातल्या इंग्लंडच्या यादवीवर 1983 आणि 1985 मध्ये दहा-दहा भागांची मालिका केली, ‘बाय द स्वोर्ड डिव्हायडेड’. लढाया आणि राजा खरे, पण केंद्रातलं लेसी कुटुंब काल्पनिक. घर राजनिष्ठ, मुलगी मात्र पार्लमेंटच्या पक्षातल्या माणसाला दिलेली. गोष्ट काल्पनिक वाटते, पण तशी घरं खरोखर होती. सर एडमंड व्हर्नी राजाचं निशाण घेऊन 1642 मध्ये एजहिलला पडला. राजाची भूमिका त्याला पटत होती असं नव्हे, तीसेक वर्षं ज्याचं मीठ खाल्लं त्याला सोडवेना म्हणून. त्याचा थोरला मुलगा राल्फ पार्लमेंटच्या बाजूला होता. काल्पनिक कुटुंब घेण्याचा फायदा असा, की खऱ्या माणसांच्या तोंडी खोटे शब्द घालावे लागत नाहीत.

आपल्याकडे हे कसं जमेल? नागाव किंवा आक्षीच्या एखाद्या नारळी-पोफळीच्या वाडीतलं तांडेलाचं, म्हणजे खलाशांच्या म्होरक्याचं, घर घ्यावं. आरमारावर कोळी, भंडारी, गाबीत, खारवी, मुसलमान अशा सगळ्या जातींचे खलाशी होते, त्यांतलं कुठलंही. थोरला भाऊ मानाजींच्या कुलाब्याच्या ताफ्यावर, धाकटा पोटापाण्यासाठी विजयदुर्गाला गेलेला, बहीण हर्णैत दिलेली. 1735 च्या वाटणीच्या दिवशी या माणसांनी काहीही केलेलं नसताना ती दोन राज्यांत विभागली जातात. 1740 मध्ये संभाजींची माणसं अलिबाग-चौलच्या पट्ट्यात उतरतात तेव्हा धाकटा आपल्याच आगरावरून चालत येतो. आंगरे बंधू दिसावेत ते त्यांच्या हुकमांतून आणि दरबाराच्या मोजक्या प्रसंगांतून. पंचेचाळीस मिनिटांचे तीस भाग पुरेत. साडेबावीस तासांत सत्तावीस वर्षं नीट बसतात आणि भर घालायची वेळ येत नाही.

‘हे खर्चिक आहे, म्हणून कुणी करणार नाही’ असंही ऐकू येतं. खर्च आहेच, पण तो कुठे होतो आणि कुठे वाचतो हे किनारा माहीत असलेल्यानं ठरवावं. पुरी गुराब बांधायचा मोह टाळावा. दोन-तीन डोलकाठ्यांचं, दीडशे ते तीनशे टनांचं ते जहाज. त्याची पुढची नाळ बसकी आणि लांब निघालेली असे, आणि मागच्या फळीतल्या झरोक्यांतून दोन तोफा नाळेवरून समोर मारत. एवढा नाळेचा भाग आणि तोफांचा पट्टा जमिनीवर डुलत्या चौकटीवर बांधला तर लढाईची बहुतेक दृश्यं त्यात होतात. खरं बांधावं ते गलबत. ते सत्तर टनांच्या आतलं, चाळीस-पन्नास वल्ह्यांचं. अडचण येते ती वल्हवणाऱ्यांची. आज किनाऱ्यावरच्या होड्या डिझेलवर चालतात. पन्नास जणांनी एका लयीत वल्हवणं आता फारसं कुणाच्या अंगात उरलेलं नाही, आणि एकाचं वल्हं चुकलं की शेजारच्यांची वल्ही अडकतात. त्यासाठी खाडीच्या संथ पाण्यात आधी सराव धरावा लागेल. शहरातून ज्युनियर आर्टिस्ट आणून पहिल्याच दिवशी समुद्रात उतरवले तर दिवस फुकट जाईल.

कुलाब्यावरचं चित्रीकरण तर पंचांग घेऊनच आखावं लागेल. कोळ्यांचा जुना हिशेब सोपा आहे. तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास मिळतो, आणि त्यापुढे सहा तासांनी ओहोटी. अष्टमीला भरती सहाच्या सुमाराला, म्हणजे ओहोटी दुपारी बाराला. वेळ सोयीची वाटते, पण तेव्हा भांगाचं पाणी असतं, ते पुरतं उतरत नाही. पौर्णिमा-अमावास्येला भरती दुपारी बाराच्या आसपास येते आणि सकाळ-संध्याकाळी सहाच्या सुमाराला पाणी खूप आत जातं. उजाडता उजाडता सामान घोडागाडीतून किल्ल्यात न्यायचं, दिवसभर आत काम करायचं आणि संध्याकाळच्या ओहोटीला परतायचं. मधे काही विसरलं तर होडीशिवाय मिळणार नाही. किल्ला केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहे, त्यामुळे परवानगी आधी, आणि भिंतीत खिळा नाही की दगडावर रंग नाही. हाच हिशेब 1740 मध्ये वेढा घालणाऱ्यांनाही चुकला नव्हता. कथेच्या मांडणीतही तो उतरायला हवा. तीच गोष्ट पावसाळ्याची. ज्येष्ठात होड्या ओढून शाकारल्या की नारळी पौर्णिमेपर्यंत आरमारी युद्ध बंद. दरसाल हे महिने भाऊ लढू शकत नाहीत, फक्त पत्रं लिहू शकतात. समेटाची खरी संधी असायची ती याच महिन्यांत, आणि ती कशी हुकत गेली यावर चार-सहा उत्तम भाग होतील.

राहिला मुद्दा साधनांचा. इंग्रजांचे कागद आंगऱ्यांना चाचे म्हणतात, पेशव्यांचे कागद तुळाजींना बंडखोर म्हणतात, मग खरी बाजू कळणार कशी, असं विचारलं जातं. अडचण खरी आहे. पण आंगऱ्यांच्या घरातल्या माणसांनी, बायकांनीसुद्धा, पेशव्यांचे गुरू ब्रह्मेंद्रस्वामी यांना लिहिलेली पत्रं छापून उपलब्ध आहेत, आणि त्यांत घरातलं माणूस बोलतं. संवाद लिहिणाऱ्यानं ती मोठ्यानं वाचावीत. मग खलाशापासून सरखेलापर्यंत प्रत्येकाच्या तोंडी ‘आम्ही’ घालायची जी सवय ऐतिहासिक मालिकांना लागली आहे, ती आपोआप सुटेल. या घरातल्या बायका रडण्यापुरत्या नव्हत्या, हेही कळेल. अठराव्या शतकाच्या अखेरीला हाच खेळ पुन्हा झाला. जयसिंगराव आंगरे बाबूराव आंगऱ्यांच्या कैदेत असताना त्यांच्या पत्नी सकवारबाई खांदेरी लढवत होत्या. किल्ला दिला तर नवरा सोडू, असं वचन मिळालं, त्यांनी किल्ला दिला. जयसिंगरावांना मारण्यात आलं आणि सकवारबाईंना कैदेत टाकलं. आज खांदेरी जागतिक वारसा आहे. तिथं जाणाऱ्या किती जणांना हे नाव कुणी सांगितलेलं असतं? घराची अब्रू झाकण्याच्या नादात आपण या बाईचं शौर्यही झाकून टाकलं आहे.

शेवटचा वाद मालिका कुठे संपवायची याचा होणार, हे आजच दिसतं. निर्मात्याला विजयदुर्गाच्या बंदरातली आग हवी असेल, कारण व्हीएफएक्सचा सगळा पैसा तिथं दिसतो. त्यावर संपवलं तर प्रेक्षक इंग्रजांना शिव्या देत उठेल आणि गोष्ट परक्यांची होऊन बसेल. मालिका त्यापुढे आठ महिने जायला हवी. किल्ल्यावर इंग्रजांचं निशाण आहे, लुटीचे दहाएक लाख रुपये त्यांनी आपसांत वाटून घेतले आहेत, पेशव्यांचे लोक आपलाच किल्ला परत मागत आहेत, तुळाजी कैदेत आहेत, मानाजी कुलाब्यावर सुखरूप आहेत पण शेजारी आता कोण बसलं आहे ते त्यांना दिसतं आहे. ऑक्टोबरात तह होतो, बाणकोट जातं, आणि इंग्रजांच्या कागदांत ते फोर्ट व्हिक्टोरिया असतं. हा शेवटचा भाग सगळा कागदांचा आणि बोलण्यांचा असेल, त्यात एकही तोफ उडणार नाही, आणि वाहिनी तो कापायला सांगेल. लेखकानं करारावर सही करण्याआधीच हा भाग लिहून द्यावा आणि तो राहणार असेल तरच बाकीचे एकोणतीस लिहावेत.